हक्कसोडीची पैठणी

प्रिय आई,

सुमात्रातल्या डोंगराळ गावातला सर्व्हे संपवून परत नेदरलँड्सला, एनस्खेडेला सुखरूप पोचले. जेवणखाण नीट चाललंय. तुझा गुडघा कसा आहे?

त्या गावात घर आणि भातशेती आईकडून लेकीकडे जाते, पुरुष पोटापाण्यासाठी परगावी जातात. ज्यांच्याकडे राहिले त्या आजींनी विचारलं, "तुझी जमीन कुठेय?" मी ऐटीत आपल्या मळ्याचा फोटो दाखवला.

आणि इथे उतरते तोच यतीनदादाचा मेसेज. हक्कसोडपत्रावर सही करायला ये, तुझ्यासाठी पैठणी घेऊन ठेवलीय! शी, वाचूनच शिसारी आली. बाबांच्या मळ्यातला माझा वाटा एका साडीवर मिटवायचा? सांग त्याला, सही मिळणार नाही. पैठणी नेसव म्हणावं बायकोला.

रंग तू निवडलास, असंही त्यानं लिहिलंय. आई, खरं का गं?

तुझीच लेक,
नीलांबरी