उजव्या सीटवरून

शुक्रवार, ९ जुलै २००४
ग्लॉस्टरशर, तंबूतून

चि. मालविकास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल; म्हणजे ओले, पण खुशाल. सान्वी मजेत आहे. खाते, पिते, दात घासते (तू विचारणार म्हणून लिहिलं, मी काही रोज उभी राहून बघत नाही). तुझ्या हॉस्पिटलातल्या नाइट्स संपल्या की दोन दिवस नुसती झोप काढ. जावईबापूंना, म्हणजे देवला, आशीर्वाद सांग.

फोन का केला नाही म्हणशील. एक तर या मैदानात मोबाइलला सिग्नल हवा असेल तर पोर्टेबल टॉयलेटांच्या रांगेमागे जाऊन उभं राहावं लागतं. आणि मी फोन हातात घेतला की तुझे बाबा शेजारी हजर. "मालू का? दे इकडे." म्हणून पत्र. शनिवारच्या मराठी वर्गात तू जेवढं शिकलीस तेवढ्यात भागावं म्हणून अक्षर मोठं काढते आहे. अडलीस तर मोठ्यानं वाच, पण एकटी असताना.

इथलं सगळं दरवर्षीचंच. शेकडो छोटी विमानं चहूकडून येऊन गवतात उतरतात, आणि लोक हॉटेलात न जाता आपापल्या विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून तीन दिवस राहतात. सकाळी सगळे पायजम्यातच एकमेकांची इंजिनं बघत फिरतात. आपल्या टिटवीच्या डाव्या पंखाखाली आमचा तंबू, उजव्या पंखाखाली जयंतकाकांचा. जयंतकाका म्हणजे आपल्या विमानाचे अर्धे मालक आणि बोलण्यात दोघांच्या वाटचे. सामान आणि सान्वीला त्यांनी गाडीतून आणलं, कारण टिटवीत दोघंच मावतात. वाटेत त्यांनी पोरीला मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये दोनदा चिप्स घेऊन दिल्या, हेही तुला कळलेलं बरं.

आमचा प्रवास चांगला झाला. उतरताना जरा गर्दी होती.

मी भाजणी आणली होती, पण स्टोव्ह वाऱ्यानं विझतो. शेवटी थालीपिठं एका बाजूनं करपली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहिली. शेजारच्या तंबूतल्या बाईनं तरी एक मागून घेतलं आणि "लव्हली" म्हणाली. हे लोक करपलेल्याला लव्हली म्हणतात आणि खरंच चांगलं झालं की गप्प बसतात, तीस वर्षांत मला हे कोडं सुटलेलं नाही.

मालू, मी या वर्षी दमले. पूर्वी कंटाळायचे, ते वेगळं. कंटाळा आला तर माणूस कुरकुर करतो. आता कुरकुर करायचंही त्राण नाही. जमिनीवर झोपून पाठीचं पार लाकूड झालंय आणि पहाटे पाचला शेजारचा कोणी इंजिन तापवायला घेतो. बाबा मात्र लहान पोरासारखे उठून बसतात. "ऐक, काय आवाज आहे!" आवाज मला ऐकू येतो. आवाज त्यांनाही ऐकू येतो.

रविवारी ते सान्वीला टिटवीतून घरी आणणार आहेत. मी जयंतकाकांबरोबर गाडीनं. तूच एप्रिलमध्ये हो म्हणालीस, तेव्हापासून ती दिवस मोजते आहे. तुला त्याबद्दल काही विचारायचं होतं. उद्या लिहिते, आता पाऊस आत येतोय.

शनिवार, दुपार

जयंतकाका सान्वीला आइसक्रीमच्या व्हॅनकडे घेऊन गेलेत. बाबा कुठे आहेत मला माहीत नाही. छत्री न घेता गेलेत.

काल मी लिहिलं ना, उतरताना जरा गर्दी होती. आता नीट लिहिते.

तुला आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी बाबा म्हणाले की उन्हाची तिरीप काचेवर येते, तेव्हा जरा वेगाचे आकडे सांगत जा. मी उजव्या सीटवर बसल्या बसल्या सांगायला लागले. सत्तर. पासष्ट. अजून पासष्ट. साठ. मग तिरीप नसतानाही सांगायला लागले. मग उंचीही. निघायच्या आधी ते प्रत्येक तबकडीवर बोट ठेवून आकडा म्हणतात आणि मी "बरोबर" म्हणते. शंकराला बेल वाहावा तसं चालतं ते आमचं, एकेक करून. मला माहीत होतं की ते पाठ म्हणतात. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे. तरी आमचं ठीक चाललं होतं.

आणि खरं सांगू? मला ते आवडत होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा हा माणूस मी सांगेन ते निमूट ऐकत होता. आपल्या पिनरच्या घरात मी "पंखा बंद करा" म्हटलं तर तीनदा म्हणावं लागतं. वर आभाळात मी साठ म्हटलं की साठ. लोकांना "माझी को-पायलट" म्हणून ओळख करून द्यायचे तेव्हा मी लाजायचे, या वयात.

त्यांना मोतीबिंदू आहे असं मी तुला सांगितलं होतं. मोतीबिंदू नाही. डोळ्यांच्या मधला भाग गेलाय, दोन्ही डोळ्यांच्या. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं होतं. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मला म्हणाले, "गाडी नको म्हणाले, विमानाचं काही बोलले नाहीत." वर हसले. आणि मालूला कळवू नकोस म्हणाले. गुडघा दुखतो म्हणून मी गाडी चालवते हे जे सगळ्यांना सांगितलंय, ते हे. तू यातलं जाणतेस, मी काय समजावणार.

तर परवा, गुरुवारी. वरून खाली येताना मी तबकडीकडे बघत होते, कारण आकडे मला सांगायचे असतात. सत्तर, पासष्ट. मान वर काढायची सोय नव्हती. आणि बाबा समोर बघत होते, पण समोरचंच तर त्यांना दिसत नाही. म्हणजे बाहेर कोणीच बघत नव्हतं, मालू. रेडिओवर कोणीतरी ओरडलं, वर जा, वर जा. मी मान उचलली तर आमच्या पुढे, आमच्या खाली, लाल विमान. इतकं जवळ की त्यातल्या माणसाची टोपी पिवळी होती हे मला दिसलं. बाबांनी ताबडतोब वर घेतलं, हात अजून तरबेज आहेत त्यांचे. पुन्हा फेरी मारून उतरलो. नारिंगी जॅकेट घातलेला एक मुलगा सभ्यपणे विचारायला आला. बाबा म्हणाले, सॉरी, सूर्य डोळ्यांवर होता. आभाळ कढईच्या बुडासारखं काळं होतं. मुलानं वर बघितलं, बाबांकडे बघितलं आणि गेला.

जयंतकाकांनी कुंपणापासून सगळं पाहिलं होतं. "वहिनी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही भाऊजी, गर्दी होती." तोंडातून आपोआप गेलं. सान्वी त्यांच्याशेजारीच उभी होती, तिनं आम्हाला हात हलवला.

दोन्ही रात्री मला त्या उजव्या सीटवर सान्वी दिसत होती.

आज सकाळी पाऊस इतका वाढला की तंबू गळायला लागला. बाबा म्हणाले, चल, टिटवीत जाऊन बसू. मी आधी जाऊन बसले. ते यायच्या आत उंचीच्या तबकडीचं बटण फिरवलं आणि काटा हजाराच्या पुढे नेऊन ठेवला. कशाला केलं ते नीट सांगता येत नाही. कदाचित माझी चूक ठरेल, दिसेल त्यांना, असं वाटत होतं.

थर्मासमधला चहा प्यायलो. मग मी म्हटलं, "उंची किती दाखवतंय हो?"

"शून्य," ते म्हणाले. "जमिनीवर आहोत, शून्यच असणार."

इथे मी बरोबर म्हणायचं असतं. मी म्हटलं, "नाही हो. हजारावर आहे. मी फिरवून ठेवलाय."

ते पुढे वाकले. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून, एका कडेनं, मग दुसऱ्या कडेनं, काचेला नाक लागेपर्यंत. बराच वेळ. काच त्यांच्या श्वासानं धुरकट झाली. मी पदरानं पुसायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"परीक्षा घेतेस माझी?"

"सान्वी आकडे कसे सांगणार हो? नऊ वर्षांची आहे."

"मला आकडे लागत नाहीत. आवाजावरून कळतं मला."

"लाल विमानाचा आवाज आला होता?"

त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. छतावर पाऊस वाजत होता. मग म्हणाले, "इतके दिवस बरोबर म्हणत होतीस. तेव्हा भीती नाही वाटली?"

मी म्हटलं, "तेव्हा खाली पडलो असतो तर दोघं पडलो असतो." हे मी असं बोलून जाईन असं मला वाटलं नव्हतं, पण खरं तेच होतं. त्यांनी दार उघडलं आणि पावसात निघून गेले. अजून आलेले नाहीत. त्यांनी उद्या ऐकलं नाही तर मी सान्वीचा हात धरून टॉयलेटांमागे जाईन आणि तुला फोन करीन, मग तू नाही म्हण. हे पत्र मी त्यासाठी लिहायला बसले होते, की नाही तू म्हणावंस. त्यांच्या आणि पोरीच्या नजरेत मला चांगलं राहायचं होतं.

सोमवार, पिनर

घरी पोचलो. कपडे मशीनमध्ये आहेत, चिखल अजून निघतो आहे. तुझ्याशी काल फोनवर नुसतं "पोचलो, सुखरूप" एवढंच बोलले, कारण बाकीचं इथे आहे.

शनिवारी ते चिंब भिजून परत आले. जेवले नाहीत. मला वाटलं, उद्या आणखी पाऊस पडला तर बरं, आयती सबब मिळेल, कोणाला काही बोलायला नको. तर रविवारी असं लख्ख ऊन की पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं मोजावीत. सान्वी सकाळीच टोपी घालून टिटवीजवळ उभी.

मी उठणार तेवढ्यात बाबा तिच्यासमोर गवतात उकिडवे बसले. म्हणाले, "बाळा, आजोबांना आकडे दिसत नाहीत. आजोबा तुला नाही नेऊ शकत." मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. नुसतं "दिसत नाहीत" हेसुद्धा.

तुझी लेक म्हणाली, "आय नो, आजोबा. तू बसची नंबर पण मला विचारते." मग त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून, "इट्स ओके. गाडीत आय-स्पाय खेळू, बाहेर दिसते ते ओळखायचं. तू सोप्पी सोप्पी घे."

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांचं काहीतरी झालं आणि ते बूट बांधत बसले. बूट बांधलेलेच होते.

तर पोरीलाही माहीत होतं. मला गाडीत एकसारखं आठवत होतं, एप्रिलमध्ये तू आली होतीस तेव्हा बाबांनी चहा कपाबाहेर ओतला. तू उठलीस, फडकं आणलंस, पुसलंस आणि हवेविषयी बोलायला लागलीस. तुलाही माहीत होतं ना, मालू? डॉक्टर आहेस. आपण सगळ्यांनीच फडकी हातात घेतली होती. तुझ्यावर रागावले नाही मी. कोणत्या तोंडानं रागावू?

टिटवी जयंतकाकांनी एकट्यांनी परत नेली. सान्वीला त्यांच्याबरोबर पाठवलं नाही, ते तू ठरव. चावी देताना बाबा त्यांना म्हणाले, "डावीकडे जरा ओढते, सांभाळ." एवढंच. बडबडे जयंतकाका, पण त्या वेळी नुसती चावी घेतली आणि टिटवीकडे चालायला लागले.

आम्ही कुंपणाजवळ उभे राहिलो. इतकी विमानं निघत होती की बाबांना आपली कोणती ते कळेना. माझा दंड धरून म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. रांगेत तिसरी आहे. आता दुसरी. वळली. धावायला लागली. शेपूट उचललं. चाकं जमिनीवरून सुटली हो. झाडांवर आली. अजून वर. उजवीकडे वळली. आता ठिपका. ते मान वाकडी करून भलतीकडेच बघत होते, पण दर वाक्याला मान हलवत होते. ठिपकाही दिसेनासा झाला तरी मी थोडा वेळ सांगत राहिले.

येताना जयंतकाकांची गाडी मी चालवली. शेजारच्या सीटवर ते, मागे सान्वी. मोटरवेला लागलो. मग म्हणाले, "वेग किती आहे ग?" मी म्हटलं, "सत्तर." म्हणाले, "आवाजावरून पंच्याहत्तर वाटतो." पंच्याहत्तरच होता.

तुला सवड मिळाली की ये. त्यांच्याशी तूच बोल, सगळं खरंखरं, डॉक्टरसारखं नाही, मुलीसारखं. मी आता दमले आहे आणि मला कोणीतरी उजव्या सीटवर हवं आहे.

हे पत्र पेटीत टाकण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांच्यामागे लिहिलेलं तसंच पाठवायचं माझ्यानं होईना. लाल विमानापाशी मी थांबले, तर म्हणाले, पुढे वाच. खालच्या ओळी त्यांच्या हातच्या आहेत. वाकड्या गेल्यात, पण मी हात धरला नाही.

सान्वीचा पापा. तुझी वाट बघणारी,
आई

चि. मालू, आईनं सगळं वाचून दाखवलं.
बरोबर आहे.
बाबा