फौजेबरोबर बायकापोरं

३ मार्च

झालं एकदाचं! सह्या झाल्या. शेजाऱ्याने हल्ला केला तर आपला बडा दोस्त देश धावून येणार. बदल्यात आपण अणुबाँबचा नाद सोडायचा. बोलणी कुणी केली? मी!

दादाची उभी हयात त्या बाँबच्या प्रयोगशाळेत गेली. आता तिला टाळं. जेवताना म्हणाला, "दुसऱ्याच्या भरवशावर किती दिवस झोपणार, ठमाबाई?" म्हटलं, तुझा बाँब तयार व्हायच्या आतच शेजारी आपल्याला भुईसपाट करेल, त्याचं काय? भात तसाच टाकून उठला. वाईट वाटलं मला, खूप. पण माझंच बरोबर आहे.

७ मार्च

सही काय, कुणीही ठोकतं. माझी खरी करामत वेगळीच — तुमचे सैनिक इथे राहतील ते बायकापोरांसकट, हा हट्ट! त्यांची माणसं वैतागली. "अहो बाई, सैनिक पुरेत की!" नाही पुरत. सैनिक मरायलाच पाठवतात. स्वतःची पोरं इथल्या शाळेत बसली की मदतीला उशीर होत नाही. आमचे मंत्रीसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मानलं तुम्हाला."

२० ऑगस्ट

त्यांच्या छावणीत जाऊन आले. दोऱ्यांवर बाळांचे लंगोट वाळतायत, फाटकाशी सायकलींची ही गर्दी! कर्नलची बायको तिथल्या शाळेत गणित शिकवते. मला विचारते, पडद्यांचं कापड कुठे चांगलं मिळेल? पडदे! म्हणजे मुक्काम पक्का.

दादा हल्ली कॉलेजात शिकवतो. त्याला सगळं रंगवून सांगितलं. "तुझं डोकं चालतं खरं," म्हणाला. दादा! मला म्हणाला!!

१ फेब्रुवारी

शेजाऱ्याने सीमेवर रणगाडे आणलेत. ऑफिसात सगळ्यांची पाचावर धारण. मी निवांत. दोस्तांच्या राजदूताला फोन केला — "शब्द म्हणजे शब्द, मॅडम." बघा!

२ फेब्रुवारी

दादाने काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

४ फेब्रुवारी

छावणीतली शाळा बंद. सुट्टी म्हणे — भर फेब्रुवारीत! बायकापोरं विमानं भरभरून मायदेशी चाललीत. कर्नलच्या बायकोने जाताना मला मिठी मारली. राजदूत फोन घेत नाही. भीती वाटतेय. पहिल्यांदाच.

५ फेब्रुवारी

मंत्र्यांचा घरी फोन. धावत उचलला, म्हटलं, मी लगेच निघते साहेब —

"तुम्ही नको. तुमच्या दादांना द्या."