धाकटीच्या धक्क्याची फाइल

३ मार्च

फाइल आली. खाडीच्या तोंडाशी हौशी बोटींचा जुना धक्का आहे, तो पाडून मोठा बांधायचाय. पहिल्या पानावर सल्लागाराचं नाव वाचलं आणि चहाचा कप बाजूला ठेवला. धाकटी!

माझी धाकटी जाऊ. लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, त्यामुळे कार्यालयात कुणाला पत्ता नाही. तरी साहेबांना जाऊन सांगितलं. लपवाछपवी आपल्याला जमत नाही. म्हटलं, सल्लागार माझी जाऊ लागते, फाइल दुसऱ्या कुणाला द्या. साहेब हसायला लागले. "सख्खी बहीण असती तर काढून घेतली असती. जाऊ आहे ना? मग राहू दे. तुम्ही एक स्वल्पविराम सोडणार नाही."

मीही हसले. पण फाइल परत घेतली नाही म्हणून बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

९ मार्च

रविवार, सगळे जेवायला. धाकटीने येताना सासूबाईंच्या न्हाणीघरात लावायला स्टीलचा दांडा आणला आणि स्वतःच भिंतीला भोकं पाडून बसवला. सासूबाई दोनदा धरून उठल्या, दोनदा बसल्या. "हुशार गं बाई!" — हे मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने.

इतकी वर्षं सासूबाईंना त्याच न्हाणीघरात मी हात धरून नेते. माझा हात काय, घरचाच. दांडा बाहेरून आला ना!

तिने टेबलावर नव्या धक्क्याचा पुठ्ठ्याचा नमुना मांडला. काडेपेटीएवढ्या बोटी. हे तर लहान मुलासारखे एक बोट इकडून तिकडे सरकवत होते. तिच्या विनोदांना यांचे दात दिसतात. माझ्या विनोदाला "काय म्हणालीस?"

तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, फाइल तुमच्याकडे आहे ते कळलं. बरं झालं. दुसऱ्या कुणी नीट वाचलीच नसती." सगळ्यांसमोर. आता या गोडबोलेपणाला काय म्हणायचं?

१४ मार्च

जागेची पाहणी. धक्क्यापुढे खडकांची रांग, खडकांपलीकडे शिंपल्यांचा राखीव पट्टा. तिथे परवाना असलेल्या बायकाच ओहोटीला शिंपले काढतात. मी नोकरीला लागले तेव्हापासून त्या पट्ट्याचं पाणी मी तपासते. नियम साधा आहे: धक्क्यावरचं पाणी एका ओहोटीत जिथवर पोचेल तिथवर शिंपले काढायला बंदी. बोटींचे संडास सरळ पाण्यात सुटतात आणि शिंपला पाण्यातलं सगळं पोटात घेतो. जुन्या पाहणीप्रमाणे पाणी खडकांपाशीच वळतं, पट्टा सुरक्षित.

तिथली मावशी माझी जुनी ओळखीची. बायकांची म्होरकी. तोंडाची फटकळ, पण मला पाहिलं की बादली पालथी घालते — "बस गं पाणीवाली." त्या बादलीवर मीच बसते.

आज मी जीपमधून उतरले तर बादलीवर धाकटी! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात शिंपला, आणि मावशी तिला तो उघडायला शिकवतेय. दोघी खिदळत होत्या. मला पाहून मावशी म्हणाली, "ही तुझी जाऊ ना? आधी नाही का आणायचीस!"

मी उभ्यानेच पाण्याचे नमुने घेतले. पाठ भरून आली. कुणी विचारलं नाही.

१७ मार्च

अहवाल वाचतेय. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, मी तर अख्खं ताट अळणी ठरवायला बसलेय. पण मेलीने लिहिलंय चांगलं. बोटींचं सांडपाणी नळीने उपसून घ्यायचं केंद्र, त्याशिवाय कुठल्याच बोटीला जागा नाही, रोजची तपासणी, चुकलं की दंड. इतक्या वर्षांत इतकं नेटकं प्रकरण कुणी दिलं नव्हतं. मी स्वतः तीनदा मागितलं होतं, तीनही वेळा मालक लोकांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. हिने या नव्या धक्क्याच्या मालकाला पटवलं कसं?

हसून. दुसरं काय.

पान उलटलं.

१८ मार्च

सापडलं!! पाणी कुठवर जातं हे बघायला तिने धक्क्यापाशी लाल रंग सोडला होता — तो भांगाच्या दिवशी! म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात सुस्त असते तेव्हा. रंग खडकांपाशी रेंगाळला आणि वळला. वळणारच! उधाणाच्या ओहोटीला टाक म्हणावं, मग बघू.

बऱ्याच दिवसांनी ऑफिसातून गुणगुणत घरी आले.

२० मार्च

साहेब म्हणाले, "अहो, भांगाची पद्धत आपलीच आहे. आपल्या पुस्तिकेत आहे तसंच तिने केलं."

म्हटलं, पुस्तिका जुनी झाली. पट्टा राखीव आहे. उधाणाला चाचणी झालीच पाहिजे, मी स्वतः करणार.

"इतर अर्जांना आपण कधी मागितली?"

नाही मागितली. कधीच नाही. पण मुद्दा बरोबर होता, त्यामुळे साहेबांना मान डोलवावी लागली. बरोबर मुद्दा हाती असला की मन कसं असलं तरी चालतं.

२९ मार्च

उधाण. भरती भरून पाणी वळताच मी धक्क्याच्या टोकावरून रंग ओतला. माझ्या हाताने. ओहोटीने जोर धरला आणि लाल पट्टा सरळ निघाला — खडकांपाशी थांबायचं नाव नाही! दोन खडकांमधून वाट काढून पलीकडे शिंपल्यांच्या पट्ट्यावर पसरला. शिपाई बोटीतून ओरडून सांगत होता, "पोचला बाई, पोचला!" मी टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी होत्या.

धाकटी कठड्याला धरून उभी होती. चेहरा उतरलेला. तिचा उतरलेला चेहरा मी आज पहिल्यांदा पाहिला. डोळे भरून पाहिला. आवडला मला.

ती हळूच म्हणाली, "ताई, रंग आपण आजच्या धक्क्यावरून टाकला ना?"

"मग काय आकाशातून टाकायचा?"

"तसं नाही… जाऊ दे." आणि गप्प बसली. तिला गप्प बसवणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे!

२ एप्रिल

नामंजूर.

साहेब म्हणत होते सशर्त द्या. "उपशाचं केंद्र आधी चालू करा, मगच नवा धक्का — अशी अट घाला. काम होईल, पाणीही सुधारेल." मलाही कळत होतं. याआधी दोन अर्जांना मी स्वतः 'आधी हे, मग ते' अशी अट घातली आहे. पण 'सशर्त' म्हणजे धाकटीचा धक्का होणार. मग उद्घाटन होणार, फोटो येणार, सासूबाई तो फोटो भिंतीवर लावणार. मला ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

म्हटलं, साहेब, रंग पट्ट्यावर पोचला. नियम म्हणजे नियम. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सही केली.

३ एप्रिल

झोप मस्त लागली.

६ एप्रिल

वाटलं होतं, धाकटी जेवायला येणार नाही. आली. भांडीही घासली. रुसली असती, चार शब्द बोलली असती, तर माझाही जीव हलका झाला असता. पण नाही, इथेही बाई चांगल्याच!

सासूबाई म्हणाल्या, "बिचारीची दोन वर्षांची मेहनत." माझ्याकडे न बघता. बाकीचे गेल्यावर हे म्हणाले, "स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करू नये माणसाने." मी म्हटलं, माझं नाक जागेवर आहे.

ओट्यापाशी धाकटीने विचारलं होतं, "ताई, त्या चाचणीचं आता पुढे काय करणार तुम्ही?" मी म्हटलं, घरात ऑफिस नको. तिने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात मी नळ मोठा सोडला. वाटलं, गयावया करणार. मला ऐकायचं नव्हतं. खरं सांगायचं तर ऐकायचं होतं, पण तिने आणखी दोनदा विचारल्यावर.

१० एप्रिल

साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझाच नकाशा.

"रंग कुठून सोडला?"

"धक्क्यावरून."

"कुठल्या?"

मी बोलायला गेले आणि थांबले. नवा धक्का अजून कागदावरच आहे. रंग जुन्या धक्क्यावरून टाकला. आज जिथे बोटी उभ्या आहेत, ज्यांचं सांडपाणी आज पाण्यात सुटतंय, तिथून. म्हणजे उद्याचं नव्हे, आजचंच पाणी पट्ट्यावर पोचतंय. नवा बांधा नाहीतर बांधू नका.

साहेब शांतपणे म्हणाले, "चाचणी तुमची, निष्कर्ष तुमचा. पट्टा आजपासून बंद करावा लागेल." मी विचारलं, बंदी उठणार कधी? म्हणाले, बोटींचं सांडपाणी उपसायची सोय होईल तेव्हा. "ती कोण करणार? जुन्या धक्क्याच्या मालकाकडे पडकी शेड दुरुस्त करायची ऐपत नाही. करणारे होते, त्यांना आपण घरी पाठवलं."

'आपण' म्हणाले. भला माणूस.

धाकटीला त्या दिवशी कठड्यापाशीच कळलं होतं. तेच सांगत होती. मला वाटलं हरली म्हणून चेहरा उतरलाय.

११ एप्रिल

बंदीची पाटी लावायला मी स्वतः गेले. शिपाई म्हणाला, मी एकटा जातो. नको म्हटलं.

मावशीने आधी थट्टाच समजली. मग म्हणाली, "कुणी आजारी पडलं का शिंपले खाऊन?" नाही. "पाणी कालपेक्षा घाण झालं का?" नाही. "मग?"

सांगितलं सगळं. रंगाचं, उधाणाचं, नियमाचं. माणसं आजारी पडायची वाट बघत बसायची नसते, हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे. पाणी वाईट आहे, ते कळलं हे चांगलंच झालं. पण ते चांगलं करायची वाट समोर चालून आली होती, ती मी बंद केली. हे मात्र मावशीला सांगितलं नाही. जीभ उचलली नाही.

मागच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीची मुलगी नर्सिंग शिकतेय, तिची फी या पट्ट्यावरच चालते. मावशी एवढंच म्हणाली, "तू आमच्या बाजूची आहेस असं मी या सगळ्यांना सांगायचे."

१२ एप्रिल

धाकटीला फोन केला. आजवर तिला फोन हेच करतात किंवा सासूबाई. म्हटलं, अर्ज पुन्हा कर. लगेच सशर्त देते. साहेबांशी बोलणं झालंय.

ती म्हणाली, "मी रविवारी तेच सांगायला आले होते ताई. तोवर नव्या धक्क्याच्या मालकाला कसंबसं थांबवून धरलं होतं. नामंजूर म्हटल्यावर तो चिडलाच होता. काल त्याने दुसऱ्या खाडीवर जागा घेतली. तिकडे राखीव काही नाही, कटकट नाही."

आणि तू?

"मलाही तिकडेच बोलावलंय. दोन-तीन वर्षं लागतील. घरी अजून बोलले नाही. आईंना तुम्ही सांगाल का? तुम्ही सांगितलंत तर नीट घेतील त्या."

टोमणा नव्हता. शोधला मी, नव्हता.

१९ एप्रिल

धाकटी आणि भाऊजी गेले. सासूबाई दिवसभर खिडकीत. संध्याकाळी मी हात पुढे केला, तर दांडा धरून स्वतःच्या स्वतः उठल्या.

मला जे हवं होतं ते झालं. बरं का वाटत नाही, ते मला नेमकं माहीत आहे, आणि आज ते लिहायचं नाहीये.

२ मे

मावशी ऑफिसात आली होती. पहिल्यांदाच. खुर्ची दिली तर बसली नाही. परवाना टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "त्या दुसऱ्या खाडीवर नवा धक्का होतोय. आता माती उचलायला, पुढे बोटी धुवायला बायका लागतील. तुझ्या जावेचा नंबर दे."

मी म्हटलं, मावशी, थोडं थांबा. मी खटपट करतेय. बंदी उठेल.

"उठली की तू काढ शिंपले."

नंबर लिहून दिला.