वाया गेलेली निगेटिव्ह

दि. १९ नोव्हेंबर

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा वगळता माझी प्रकृती उत्तम आहे, आणि गुडघ्याची कुरकुर ऐकायला आता घरात कोणी नाही.

माझ्या फोटोंच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी तू लिहिलेला मजकूर पोहोचला. ‘दीर्घ’ या शब्दातला पहिला स्वर तू तीन ठिकाणी ऱ्हस्व लिहिला आहेस. निदान त्या शब्दावर तरी असा अन्याय करू नये. ते मी पेन्सिलीने दुरुस्त केले आहे. वस्तुस्थितीच्या चुका मात्र पेन्सिलीने निभणार नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिली चूक : कॅमेरा गच्चीवर कधीच नव्हता. तो आपल्या स्टुडिओच्या पायरीवर तिकाटण्यावर उभा असे, आणि त्याचा एक पाय शेजारच्या घड्याळजींच्या स्टुलावर टेकवावा लागे.

दुसरी चूक : तुझ्या आईच्या हातात पांढरी छत्री नसे. अंगावर पांढरी शाल असे. संध्याकाळच्या वर्दळीत शटर पाऊण मिनिट उघडे ठेवले की चालती माणसे धुरासारखी विरतात आणि दुकाने तेवढी जागच्या जागी राहतात. मला त्या धुरातून जाणारा एक दुधी पट्टा हवा असे. त्यासाठी तुझी आई कोपऱ्यावरून पायरीच्या दिशेने चालत येई. दिवसभर पासपोर्टच्या गिऱ्हाइकांना ‘हलू नका’ म्हणणारा मी संध्याकाळी तिला ‘थांबू नकोस’ म्हणत असे. “एवढी पायपीट करून फोटोत मी नाहीच,” असे ती घड्याळजींना सांगे. “यांना बायको नको, खडूची रेघ हवी.”

मध्येच उठून चहा करून आलो. साखर विसरलो. तिसऱ्या चुकीचे काय करावे, याचा विचार करत होतो.

तू लिहितेस : ‘मी घर सोडले आणि आईने अंथरूण धरले. हे पांढरे पट्टे पाहताना वाटते, तिला पुसून टाकण्याची सुरुवात मी केली.’

हे छापू नकोस.

तुझ्या निवडीत नसलेली एक निगेटिव्ह सोबत पाठवत आहे. तिच्या पाकिटावर माझ्याच अक्षरात ‘वाया’ असे लिहिलेले आहे. त्या संध्याकाळी शटर उघडल्यावर तुझी आई चार पावले चालली आणि विजेच्या खांबाला धरून उभी राहिली.

“थांबू नकोस!” मी ओरडलो.

“अहो, जरा दम खाऊ द्या ना.”

“आत्ता? शटर उघडे आहे!”

“तुमचं शटर मिटेपर्यंत माझेच डोळे मिटायचे,” ती म्हणाली. तिच्या थट्टेची मला सवय होती. घड्याळजी स्टुलाशी आले आणि म्हणाले, “साहेब, वहिनींचा चेहरा बघा की जरा.” मी त्यांना चौकटीबाहेर व्हायला सांगितले. मी शटरकडे पाहत होतो.

चेहरा मी पाहिला तो रात्री, डार्करूममध्ये, कागद रसायनात हलवताना. सगळा रस्ता विरला होता आणि मधोमध ती एकटी स्पष्ट उभी होती. एक हात खांबावर, दुसरा छातीवर. नजर थेट माझ्याकडे. ओठ तेवढे अस्पष्ट, कारण ती बोलत होती. तेव्हा तू याच घरात, भिंतीपलीकडे, अभ्यास करत होतीस.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी हृदयाची झडप निकामी होत असल्याचे सांगितले. परत येताना जिन्यात बसून तिने मला बजावले, “ठकीला एक अक्षर कळता कामा नये. कळलं तर ती परगावी नोकरीला जायची नाही, आणि मग मला रोज तिचं पडलेलं तोंड बघावं लागेल. ते झडपेपेक्षा वाईट.” मी शब्द दिला. कारण सांगता येईना आणि तुला जाऊ देववेना, म्हणून मी तुझ्याशी भांडलो. ‘नोकरीचे एवढे काय अडले आहे,’ असे म्हणालो. तू मला हेकट म्हणालीस. विशेषण योग्य होते.

ती गेल्यावर तू आलीस आणि दारातच विचारलेस, “बाबा, हे कधीपासून होतं?” तिला दिलेल्या शब्दातून तोवर मी मोकळा झालो होतो. उत्तर एका तारखेचे होते. पण त्या तारखेपाठोपाठ तो खांब आला असता, आणि माझे ओरडणे आले असते. मी म्हणालो, “तू गेलीस आणि तिने अंथरूण धरले.” तू ऐकून घेतलेस. इतकी वर्षे ते तुझेच समजून बाळगलेस आणि आता पुस्तिकेत स्वतःच्या नावाने छापायला निघाली आहेस. ते वाक्य माझे आहे, ठकी. ते मला परत दे.

मुखपृष्ठावर दुधी पट्टा नको, ही निगेटिव्ह घे. जन्मभर मी हजारो चेहरे ‘हलू नका’ म्हणून टिपले. तुझ्या आईचा चेहरा माझ्याकडे हा एकच आहे, आणि तो मी सांगितलेले तिने ऐकले नाही म्हणून आहे.

पुस्तिकेतील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात :

९ फेब्रुवारी : आईला प्रथम धाप लागली. (तू ‘जून’ लिहिले आहेस.)

२२ मार्च : आजाराचे निदान. आईला आणि मला माहीत. तुला नाही.

३ जून : तू निघालीस. ‘आई निरोप द्यायलाही बाहेर आली नाही’ हे चूक. तिला जिना उतरवत नव्हता. तुझी गाडी वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती; मी तिला मागून धरले होते. “गेली एकदाची,” असे ती म्हणाली, आणि हसली.

१८ जुलै : रुग्णालयात दाखल. तेव्हाही तिने तुला कळवू दिले नाही.

२ सप्टेंबर : आई गेली. ही तारीख तू बरोबर लिहिली आहेस.

३ सप्टेंबर : मी तुला ते वाक्य ऐकवले. ही तारीख तुझ्या मजकुरात नाही. ती घालावी, आणि तिच्यापुढे माझे नाव लिहावे.

– बाबा