पाटाखालचा कागद

३ जाने., शनि., देवास
वकील भियाकडे गेले. मुलगा अमोल येतो म्हणाला, नको म्हणलं. जीएसटीचा नंबर माझ्या नावाचा, बाग प्रिंटच्या साड्या मी विकते, तर बोलणी पण मीच खाते.
भियाने जीएसटीवाल्यांचा कागद वाचला. "भाभीजी, ये तो ऑर्डर है. टैक्स भी, पेनल्टी भी." म्हणलं, ते कळतंय. मी बायकांना साड्या जांगडवर देते. घरी न्या, आवडली तर ठेवा, नाहीतर परत आणा. परत आलेल्या पण टॅक्सवाल्यांनी विकलेल्यात धरल्या. तो म्हणे, बात सही है, पर जब कहनी थी तब कही नहीं.
मग रस्ते सांगितले. आधी अपील, खात्याच्याच वरच्या साहेबाकडे. तिथं हरलो तर ट्रिब्युनल. मग हायकोर्ट, इंदूरला. अपिलाची मुदत कागद मिळाल्यापासून तीन महिने. ती गेली. वर एक महिना मिळतो, पण उशीर का झाला ते शपथेवर लिहून द्यायचं.
कागद कधी, कोणी घेतला, विचारलं. म्हणलं, घरी बघून सांगते.
बघायचं काय त्यात.

४ जाने., रवि.
इथं तरी खरं लिहावं. कागद मी घेतला. १२ सप्टें. पोस्टमनकडे सही माझी. पितृपक्ष होता. सासूबाईंचा नियम, पक्षात सरकारी कागद फोडायचा नाही. देवघरात पाटाखाली सारला. लगेच त्याच पाटावर घट बसले, मग पाट हलवायचा नाही. दसऱ्याला काढून फोडला. इंग्रजी. आकडा तेवढा कळला. चौथी शिकलेली मी, कोणाला विचारायची लाज वाटली. परत पाटाखाली.
सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यावर काय ढकलू. दसऱ्यानंतरचं तर माझंच.
गेल्या महिन्यात टॅक्सवाल्यांचा फोन अमोलला आला. शोधाशोध झाली, कागद निघाला. कोणी घेतला? माझ्या तोंडून गेलं, प्राचीने घेतला असेल. प्राची सून. असेल म्हणलं होतं, पण 'असेल' कोणी ऐकलंच नाही. ती एकदाच म्हणाली, "मैंने नहीं लिया." तिचे बाबा धारहून आले होते, त्यांच्या देखत अमोल तिला नको ते बोलला. दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर गेली. मी पोळ्या लाटत...

६ जाने., मंगळ.
भियाला सांगितलं, सुनेने घेतला, मला दिला नाही. जिभेवर तयारच होतं. तो खूश. "बढ़िया, यही कारण लगाते हैं. बहू का भी शपथपत्र ले आइए." १२ तारखेपर्यंत, वरचा महिना तेव्हा संपतो.

८ जाने., गुरु., धार
सकाळच्या बसने आले. विहीणबाईंनी चहा ठेवला. "आम्हाला वाटलं पोरीला न्यायला आलात." पिशवीतून भियाने दिलेला शपथपत्राचा कागद काढला.
प्राची हिंदी शाळेतली, मराठी वाचायला अडते. हे हिंदीत होतं. घडाघडा वाचलं, मोठ्याने, आईबापासमोर. "डाक मैंने ली और सास को नहीं बताया." मग मला म्हणाली, "आई, सही कुठे करू?"
म्हणलं, अशी कशी करतेस गं.
"तुम्हाला पाहिजे ना. अमोलला तर आधीच खरं वाटतंय."
पेन टेकवलं होतं तिने. मी कागद ओढून घेतला. म्हणलं, स्टॅम्प चुकलाय. हे पण खोटं. जेवायला थांबले नाही.

१० जाने., शनि., देवास
भियाला खरं सांगितलं. तो म्हणे, "श्राद्ध पक्ष था इसलिए नहीं खोला, ये लिखूँ साहब को?" लिहा. पाट, घट, सगळं लिहा. "साहब हँसेंगे." हसू दे. म्हणे, हे कारण मानलं नाही तर अपील दारातच खलास, जांगडचं कोणी ऐकणार पण नाही. मग सरळ हायकोर्टात याचिका, तिथं पण खात्री नाही. बहू वाला पक्का था.
म्हणलं, पक्कं असेल. खोटं आहे. तुम्ही लिहा.

१२ जाने., सोम.
अपिलाआधी टॅक्सचा दहावा हिस्सा भरायचा असतो, पैसे नवऱ्याच्या खात्यात, म्हणून ह्यांना बरोबर न्यावं लागलं. नोटरीने शपथपत्र वाचून दाखवलं, कोर्टाबाहेर, चहाच्या ठेल्याशेजारी. दोन वेळा 'मैंने स्वयं लिया' आलं. हे शेजारीच उभे. रिक्षात एवढंच म्हणाले, "इतके दिवस ती पोरगी..." घरी आल्यावर म्हणाले, "अमोलला मी नाही सांगणार. तू सांग."
अपील दुपारी भरलं. साहेब घेतील का नाही, भियालाही माहीत नाही.
प्राचीला शपथपत्राचा फोटो पाठवला. तिचा फोन आला.
"वाचलं. अमोलला पाठवलं?"
नाही, म्हणलं.
"कोर्टाला सांगितलं, त्याला नाही?"
सांगते म्हणलं.
"सांगा मग. मी आज फोन नाही करणार त्याला." ठेवला.
अमोल कंपनीतून सातला येतो. साडेसहा झाले. ह्यांनी टीव्ही बंद केलाय, पेपर धरून बसलेत, पान उलटत नाहीत. शपथपत्र टेबलावर ठेवलं होतं, म्हणजे तो आपोआप वाचेल. उचललं परत. तोंडानेच सांगायला पाहिजे. सुरुवात कशी करू ते...