तांबोशीच्या रंगाचा साप

नाटे,
शुक्रवार

लाडक्या यासीनला फुफी सईदाचा सलाम आणि ओंजळभर दुआ.

आम्ही दोघं अल्लाच्या मेहेरबानीने ठीक आहोत, तुझ्या फुफांचे गुडघे सोडून. दोह्याला उकाडा फार असेल, पाणी पीत जा. तुझा साप जिवंत आहे. (हे आधी लिहायला हवं होतं, पण पहिली चौकशी माणसांची करावी.)

आता तक्रार. दोन महिन्यांसाठी म्हणून तू ती काचेची पेटी ठेवून गेलास, त्याला आठ महिने झाले. फ्रीझरात सुरमईशेजारी तुझे गोठवलेले उंदीर असतात, म्हणून माझ्या बहिणीने आमच्याकडे जेवणं सोडलं. त्यात तू वनखात्याचा फॉर्म पाठवलास. सापाची जात आणि रंगप्रकार लिहा, नाहीतर तो घरात ठेवता येणार नाही म्हणे. ‘लाल साप’ यापलीकडे तू स्वतः कधी चौकशी केली नाहीस, आणि फुफांना साप म्हणजे जाळ्यात आला की परत पाण्यात सोडायचा, एवढंच ठाऊक. त्यांनी बाजारातून तांबोशी, ती लाल मासळी, आणली, पेटीला लावून रंग जुळवला आणि काम झालं म्हणाले.

पण मी लिहायला बसले तर साप फिकट पडलेला आणि डोळे दुधाळ. फुफा म्हणजे चाळीस वर्षं डोळ्यावरून मासळीचा ताजेपणा ओळखणारा माणूस. डोळा पांढरा झाला म्हणजे त्यांच्या लेखी सगळं आटोपलं. “सईदा, ह्याचा काय खरा नाय,” एवढंच बोलले आणि जेवले नाहीत. परसात माडाखाली जागासुद्धा बघून आले. (मी हसले नाही. मलाही रडू येत होतं, हे कुणाला सांगू नकोस.) चार दिवसांनी डोळे आपोआप निवळले, आणि परवा त्याने पायमोजा काढावा तशी अख्खी कात काढली. आत लालभडक, नवाकोरा.

शेजारची महरीन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने पोटावरचे चौकोन बघून कॉर्न स्नेक सांगितला. डोळे लाल आणि अंगावर काळा ठिपकाही नाही, म्हणून रंगप्रकार अ‍ॅमेलॅनिस्टिक. फुफांनी शांतपणे ऐकलं आणि फॉर्मवर लिहिलं, ‘तांबोशी (ताजी)’. मी ते खोडून नीट लिहिलंय.

आता तू ठरवल्याप्रमाणे तुझा मित्र फहाद रविवारी सापाला मुंबईला न्यायला येईल, तेव्हा पेटी त्याच्या हवाली करते आणि फ्रीझर धुऊन घेते.

तुझी फुफी,
सईदा

ता. क. गुडघ्यांमुळे होडी सुटल्यापासून फुफा माझ्याशीही मोजकंच बोलायचे. आता रोज सकाळी बंदरावर जाऊन कुणाच्या जाळ्यात काय आलं ते बघून येतात आणि सापाला सगळं सांगतात. सापाला कान नसतात म्हणे. मी स्वयंपाकघरातून ऐकते.

आणखी एक. मालकाच्या रकान्यात मी तुझ्या फुफांचं नाव लिहिलंय, ‘अकबर’. तुझी हरकत नसेल, तर फहादला रविवारी साप न्यायला नको, उंदीर घेऊन यायला सांग. दोनच उरलेत.