सिगारेटपुरती सुट्टी

१२ मार्च
मोटरच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची — आत कुठलं बेअरिंग खरखरतंय ते कळतं. मोटर-दुरुस्तीचा सगळा कारखाना या कानावर उभा केला. आज काहीच न टेकवता कळलं. भाचा खोकतोय. सर्दीचा नव्हे, कोरडा खोकला. शर्टाला धुराचा वासही.
ताईने विश्वासाने पोरगा सोपवलाय. तिला काय तोंड दाखवू?

१३ मार्च
विचारलं. म्हणे, जुन्या मिस्त्रींच्या शेजारी उभा होतो, धूर लागला असेल. धूर जाता जाता खिशात काडेपेटीही ठेवून जातो वाटतं!

१५ मार्च
कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दमात घेतलं — माझ्या पोरांना सिगारेट विकायची नाही. तो आधी हो म्हणाला, मग हसला. म्हणे, मालक, सुट्टीच्या दिवशी तुमची पोरं इकडे फिरकत नाहीत. कामाच्या दिवशीच कशी हो तलफ येते?
उद्या मागच्या दारावर लक्ष ठेवायचं.

१६ मार्च
हात कामात, कान मागच्या दाराशी. तारेच्या वाइंडिंगला बसणारी नवी मुलगी सकाळी पाठ मोकळी करायला उठली, तर मीच खेकसलो होतो. भाचा तिला समजावत होता — "नुसती उठलीस तर मामा ओरडणार. सिगारेट हातात असली की कोणी विचारत नाही. ओढायलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीला मीही नुसती धरायचो."
खरंच की! तलफ आली की मिस्त्रींचे हात थरथरतात, तार तुटते, म्हणून त्यांना बाहेर जायची मुभा दिली. ती हळूहळू ओढणाऱ्या सगळ्यांची झाली. न ओढणाऱ्याने मात्र जागचं हलायचं नाही. वा रे मालक!

१७ मार्च
आजपासून सकाळी एकदा, दुपारी एकदा मोटरी बंद. सगळ्यांनी उठायचं. कारण सांगायचं नाही. भंगारातल्या चौकटीचा बाक करून मागे ठेवला. घरी ही म्हणाली, काम मागे पडेल. पडू दे.
भाच्याला बाजूला घेतलं. ताईला सांगत नाही, पण खिसा आज रिकामा कर म्हटलं. लगेच हो म्हणाला. बोलायला काय जातंय!

२१ मार्च
काल भाचा कोपऱ्यावरच्या दुकानाशी दिसला. त्याने मला पाहिलं, मी त्याला. ओरडलो नाही. आज मधल्या सुट्टीत बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. उद्याही बसणार. बघू कोण आधी कंटाळतो.

२२ मार्च
बसलो.

२ एप्रिल
खोकला ऐकू येत नाही. खात्री करायला त्याच्या पाठीला स्क्रू ड्रायव्हर टेकवला. "मामा, बेअरिंग ठीक आहे ना?" म्हणाला. ताईला फोन केला, पोरगा बरा आहे म्हटलं. आज ते खरं होतं.

९ एप्रिल
बाकावर आज मिस्त्री. हात थरथरत होते, पण रिकामे. सिगारेट विसरलात की काय, विचारलं.
"माझ्या पहिल्या मालकानेही कधी नुसतं उठू दिलं नव्हतं, म्हणून तर ती हातात धरली," म्हणाले.
सरकून जागा दिली.